अश्वशक्तीचें माप

मोटारीच्या एंजिनाची शक्ति वाढविली, असें कोणी म्हटलें तर ती मोजावी कशी, हा प्रश्न गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरांत फारच निकरावर आला. लातूरच्या आमच्या पुतण्यानें आपल्या पेट्रोलच्या गाडीचा एअर फिल्टर व सायलेन्सर बदलले, एंजिनाच्या संगणकांत नवा प्रोग्रॅम भरला, आणि चाळीस हजार रुपये खर्ची घातले. एवढ्यावर राहतें तर ठीक. पण हाच धंदा काढण्यासाठीं तो घरच्या समाईक ठेवींतून भांडवल मागूं लागला. त्याचे वडील संतापले, आई मुलाच्या बाजूस गेली, व निवाडा वडीलकीच्या नात्यानें नांदेडास आमच्याकडे आला.

"काका, वैशाखांत तुमच्याकडून परततांना अहमदपूरच्या अलीकडे गाडी धापा टाकीत होती. आतां पहा कशी पळते!" हा त्याचा पुरावा. तो खोटा नव्हे, पण अपुरा. वैशाखांतील ४२ अंशांची हवा मार्गशीर्षांतील पहाटेच्या १५ अंशांच्या हवेहून आठ-नऊ टक्क्यांनीं विरळ असते. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटर उंच, तर लातूर सुमारें ६३०. एवढ्या चढानें हवेचा दाब तीनएक टक्के उतरतो. साध्या पेट्रोल एंजिनास जितकी हवा तितकें बळ. मग गाडी पळाली ती नव्या सायलेन्सरनें कीं थंडीनें?

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण पहिलें, प्रमेय दुसरें. आम्ही म्हणालों, "अरे, आधीं प्रमाण आण."

प्रमाण उपलब्ध आहे. जेम्स वॉटनें दर मिनिटास ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ति असें ठरविलें. पुढें १८२१ सालीं प्रोनी ह्या फ्रेंच अभियंत्यानें फिरत्या आंसास लाकडी चिमटा आवळून, त्याच्या दांड्यास वजनें टांगून यंत्राचें बळ तोललें. आजचा डायनामोमीटर, म्हणजे कारागिरांच्या भाषेंत डायनो, त्याचाच वंशज. आंसाचा पीळ आणि मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकारावरून शक्ति निघते. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेंत कारखानदारांच्या एंजिनांची अशी परीक्षा होते.

आम्ही गेलों तें पुण्यांतीलच एका खाजगी कार्यशाळेंत. तेथें एंजिन काढीत नाहींत. गाडीचीं चाकें जड रुळांवर ठेवून तिला पट्ट्यांनीं जखडतात, पुढें मोठा पंखा लावतात, व एकाच गिअरमध्यें वेग चढवितात. रुळांचें जडत्व ठाऊक असतें. ते किती त्वरेनें वेग घेतात यावरून संगणक शक्ति काढतो. पुस्तिकेंत ८२ अश्वशक्ति, आणि रुळांवर आले ७१! पुतण्याचा चेहरा उतरला. कारागिरानें समजाविलें कीं पुस्तिकेंतला आंकडा एंजिनाच्या दांड्याशीं मोजलेला. गिअर व टायर वाटेंत आपला वांटा घेतात. म्हणून रुळांची तुलना रुळांशींच करावी.

पण कशाशीं? बदल करण्यापूर्वीं मोजलेंच नव्हतें. आम्ही हट्ट धरला, व जुने भाग आणि जुना प्रोग्रॅम त्याच दिवशीं पुन्हां बसविला. तेच रूळ, टायरांत तितकीच हवा, एंजिन तितकेंच तापलेलें. सर्व आंकडे २५ अंश उष्णतामान व ९९ किलोपास्कल दाब यांस धरून दुरुस्त केलेले. (दुरुस्तीसाठीं खोलीचें उष्णतामान हातानें भरण्याची सोय असल्यास लबाड दुकानदार तेथेंच वाढ निर्माण करूं शकतो, म्हणून आम्ही घरची उष्णतामापक नळी पिशवींतून नेली होती. कारागीर हंसला, पण रागावला नाहीं.)

नव्या भागांनिशीं तीन वेळां ७१, ७० व ७२ आले. जुन्यांनिशीं ६८, ७० व ६९. सरासरीची वाढ दोन अश्वशक्तींची, आणि एकाच स्थितींतल्या आंकड्यांतहि दोनांचाच फरक! शिवाय आलेखांत मधल्या फेऱ्यांवर, जेथें गाडी रोज गांवांत चालते तेथें, नवी रेषा जुनीच्या किंचित् खालींच होती.

परततांना बार्शीपर्यंत पुतण्या एक शब्द बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "काका, त्या रुळांच्या यंत्राचीच किंमत विचारली असती तर?"

आम्ही ती आधींच विचारून ठेवली होती. त्याच्या वडिलांस अद्याप सांगितलेली नाहीं.