जास्तीचा 'ए'

इंग्रजी लेखन आणि आपण : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण इंग्लंड आणि अमेरिका यांच्या स्पेलिंगची फारकत पाहिली. 'कलर'मधला 'यू' नोहा वेब्स्टरला नको होता. 'सेंटर'च्या शेवटचे 'आर-ई' त्याने उलटे केले. १८२८ साली आलेल्या त्याच्या मोठ्या कोशाने हे सगळे अमेरिकेत रुजवले, आणि तेव्हापासून एकाचे शुद्ध ते दुसऱ्याचे अशुद्ध ठरत आले. असाच तंटा आपल्या सीमाभागात रोज चालतो. फक्त इथे इंग्रजी अक्षरांआड मराठी आणि कन्नड अशा दोन भाषा उभ्या आहेत, म्हणून तो जास्त गुंतलेला आहे.

कागल सोडून कोगनोळी नाका ओलांडला की रस्त्यावरच्या पाट्यांची इंग्रजी अक्षरे नीट बघत चला. कोगनोळीच्या 'जी'पुढे कुठे 'ए' असतो, कुठे नसतो. हत्तरगीच्या 'आर'पुढेही तेच. बेळगावात शिरलात की अनगोळ, वडगाव, उचगाव, सगळीकडे हा 'ए' येतो-जातो. आपली मराठी मंडळी तो पाहिला की लगेच म्हणतात, 'साधं स्पेलिंग येत नाही यांना!' पलीकडचे कन्नड भाषक म्हणतात, तुम्हीच अक्षर खाता. माझ्या मते दोघांच्याही स्पेलिंगमध्ये चूक नाही. चूक आहे ती समोरच्याला अडाणी ठरवण्यात.

कारण साधे आहे. मराठीत आपण पूर्ण अक्षर लिहितो आणि पुष्कळदा त्यातला 'अ' बोलताना गाळतो. लिहितो 'कोगनोळी', म्हणतो 'कोग्नोळी'. लिहितो 'बेळगाव', म्हणतो 'बेळ्गाव्'. कन्नडमध्ये लिहिलेला 'अ' तोंडातूनही निघतो. 'बे-ळ-गा-वि' ही चारही अक्षरे तिथे मोकळी ऐकू येतात. मराठी कानाने लिहिले तर 'एल'नंतर थेट 'जी' येतो, कन्नड कानाने लिहिले तर मध्ये 'ए' हवाच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावे बदलली, त्यांत बेळगावचे 'बेळगावी' झाले. त्याच यादीतले तुमकूर आणि चिकमगळूर पाहा. दोन्हींच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये असाच एकेक 'ए' शिरला आणि शेवटी 'यू' लागला. निपाणीचा दुहेरी 'पी' याच जातीचा आहे. मराठीत 'निपाणी', कन्नडमध्ये 'निप्पाणि', तिथे जोडाक्षर आहे. कर्नाटक विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर निपाणी आहे आणि तिथे ती दोन 'पीं'नी लिहिली जाते.

आता जुने स्पेलिंग पाहू, कारण त्यातही एक गंमतीचा तिढा आहे. बेळगावच्या शेवटी 'जी-ए-यू-एम' का? जळगाव, मालेगाव यांच्या शेवटी तर 'जी-ए-ओ-एन' आहे. पूर्वी आपण 'गांव' असे अनुस्वार देऊन लिहीत असू. तो अनुस्वार इंग्रजांनी कुठे 'एन'ने दाखवला, कुठे 'एम'ने. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा जो मान पलटणीला मिळाला, त्यातही कोरेगाव 'एम'नेच संपते. पुढे विल्यम हंटरने भारतीय नावे रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत बसवली, पण रूढ झालेल्या नावांना धक्का लावला नाही. मराठीतला 'गांव'वरचा अनुस्वार साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेला. बेळगावच्या इंग्रजी नावातला 'एम' मात्र राहिला. लोकसभा मतदारसंघाच्या नावात आणि रेल्वे स्थानकाच्या 'बी-जी-एम' या संकेताक्षरांत तो अजून आहे. म्हणजे एकाच माणसाचा पत्ता एका स्पेलिंगचा आणि खासदार दुसऱ्या स्पेलिंगचा. दोन्ही सरकारी.

माणसांच्या नावांत तर हे घरोघरी आहे. जुन्या म्हैसूरकडे 'त'साठी 'टी-एच' लिहितात, कारण नुसता 'टी' त्यांना 'ट'साठी लागतो. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, म्हणून इथल्या लता, सविता, कविता बहुधा 'टी'नेच लिहितात. बदली होऊन आलेल्या बंगळूरच्या बाईंची कविता 'टी-एच'ची. लक्ष्मीत आपण 'एक्स' घालतो, तिकडे 'के-एस-एच'. गौरी तर 'ए-यू', 'ओ-यू' आणि 'ओ-डब्ल्यू' अशी तिन्ही प्रकारे भेटते. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या नावात 'सी-एच'पुढे 'ए' आहे, तर त्याच राणीच्या नावाने धावणाऱ्या एक्सप्रेसमध्ये 'ई'. आणि मराठी झेंडे, झुंजार यांचा 'झेड' बाहेरच्या माणसाला 'झ' म्हणून वाचताच येत नाही.

मग चूक म्हणायची कशाला? माझी कसोटी एकच आहे: लिहिणाऱ्याच्या मागे कुठला तरी नियम आहे का? 'कलर'मध्ये 'यू' नसला तरी तिथे अमेरिकेचा नियम आहे. संगणकशास्त्राचा विद्यार्थी वेबपानाला रंग देताना 'यू' घालेल तर रंग चढणारच नाही, आणि तोच विद्यार्थी इंग्रजीच्या पेपरात 'यू' घालतो. दोन्ही ठिकाणी तो बरोबर आहे. पण 'हरवणे' या अर्थाच्या 'लूझ'मध्ये दोन 'ओ' घातले, तर त्यामागे ना इंग्लंडचा नियम ना अमेरिकेचा. ती चूक आहे आणि ती सुधारावी. मराठी माध्यमातल्या मुलांची 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची गल्लत होते, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच 'व' आहे. हे शिक्षकाने एकदा नीट उलगडून सांगितले की मूल सावरते. चारचौघांत हसले की ते इंग्रजी लिहायचेच सोडते, आणि हे नुकसान चुकीपेक्षा कितीतरी मोठे आहे.

फोनमधल्या तांबड्या रेघेवरही विसंबू नका. फोन अमेरिकन इंग्रजीवर लावलेला असेल तर तो ब्रिटिश स्पेलिंगखाली रेघ ओढतो. आणि चूकसुद्धा नियम होऊन बसते. कुठल्या पानावरून तुम्ही आलात हे संकेतस्थळाला कळवणारी जी ओळ असते, तिच्या 'रेफरर' या नावात एक 'आर' कमी पडला. १९९६ साली तो तसाच मानकात छापला गेला, आणि आज जगभरचे संगणक तेच चुकलेले स्पेलिंग पाळतात.

सीमाभागात स्पेलिंगवरून माणूस कोणत्या बाजूचा हेही ठरवले जाते. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, भावना तीव्र आहेत, आणि गावाचे नाव आपल्या भाषेत लिहिण्याचा हक्क प्रत्येकाला आहे असे मी ठामपणे मानतो. त्या हक्कासाठी भांडावे. पण 'ए' घालणाऱ्याला निरक्षर म्हणणे हा त्या भांडणातला मुद्दा होऊ शकत नाही.

खरी झळ बसते ती कागदपत्रांत. समजा, खानापूरकडच्या मुलाचे नाव कन्नड नोंदीतून इंग्रजीत उतरले आणि 'पाटील'च्या शेवटी 'ए' चिकटला. आधारवर तो नाही, दहावीच्या मार्कलिस्टवर आहे. पुढे कोल्हापुरात प्रवेश घेताना दोन नावे जुळत नाहीत, आणि घरच्यांना शपथपत्रासाठी धावावे लागते. म्हणून शाळेच्या अर्जावर इंग्रजी नाव स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून द्या, कारकुनावर सोडू नका. नोंद झाल्यावर प्रत मागून एकेक अक्षर ताडून पाहा. दहावीचा अर्ज भरण्याआधी आधार, जन्मदाखला आणि शाळेचे रजिस्टर शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसला तर त्याच वेळी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा. मार्कलिस्ट हातात आल्यावर तेच काम कितीतरी लांबते.