केविनने कुणाचं काय बिघडवलं?

बारशाआधी घरात नावांची यादी फिरू लागली, की तिच्यातली निम्मी नावं एकाच शब्दावर कटतात: ‘नको.’ का नको, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘कसंतरीच वाटतं.’ आत्याने सुचवलेलं आजीला नको असतं, आजीने सुचवलेलं आईला. घरात कुणी शिक्षक असेल तर यादी आणखी आखडते, कारण प्रत्येक नावामागे त्यांना वर्गातला एखादा उपद्व्यापी चेहरा दिसतो. त्यांचं नको निदान समजण्यासारखं आहे. पण ज्यांना असा कुठलाच चेहरा आठवत नाही, त्यांचा नकारही तेवढाच ठाम असतो. दोन-तीन अक्षरांचा एक आवाज, त्याने आपलं काही वाकडं केलेलं नाही, आणि तरी तो कानावर पडताच नाक मुरडावंसं वाटतं. हे कुठून येतं? या प्रश्नामागे लागलेल्या संशोधकांच्या हाती जे आलं आहे, ते वाचताना मी पुन्हा पुन्हा थक्क होतो.

पहिला संशय अर्थातच आवाजावर जातो. एक गुबगुबीत गोल आकृती आणि एक अणकुचीदार आकृती समोर ठेवायची आणि विचारायचं, यातली ‘बूबा’ कोणती आणि ‘किकी’ कोणती? बहुतेक जण गोल आकृतीला बूबा म्हणतात आणि अणकुचीदार आकृतीला किकी. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांच्या २००१ मधल्या लेखाने ही जोडी जगभर गाजली. पुढे पंचवीस भाषांच्या लोकांवर हाच प्रयोग झाला, तेव्हाही सुमारे ७२ टक्के वेळा उत्तर तेच आलं. म्हणजे आपला कान आवाजात आकार ऐकतो! कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे डेव्हिड सिधू आणि पेनी पेक्समन यांनी तोच धागा माणसांच्या नावांपर्यंत नेला. बॉब हे नाव लोकांनी गोल आकृतीला दिलं, कर्क हे टोकदार आकृतीला. मग स्वभावांची पाळी आली. मोना, ओवेन अशा म-न-व च्या मऊ नावांची माणसं लोकांना हळवी आणि जुळवून घेणारी वाटली, तर केट, कर्टिस अशा क-ट च्या खणखणीत नावांची माणसं चारचौघांत रमणारी वाटली. मग याच गटाने हजाराहून अधिक खऱ्या माणसांची नावं आणि स्वभाव ताडून पाहिले. मेळ काही बसला नाही. कानाला जे इतकं स्पष्ट ऐकू येत होतं, ते माणसांत नव्हतंच.

नुसत्या आवाजाने नावडीचा उलगडा होत नाही, याचा पुरावा आपल्याकडे पुण्यातच उभा आहे. दगडू हे नाव आज कुणी मुलाचं ठेवत नाही. शाळेत हजेरीला ते पुकारलं गेलं तर वर्ग हसेल. पण तेच नाव ‘दगडूशेठ’ म्हणून उच्चारलं की हात आपोआप जोडले जातात. ड तोच, ग तोच. धोंडू म्हटलं की गावंढळ वाटतं आणि धोंडो केशव कर्वे म्हटलं की मान आदराने लवते. २०१४ साली ‘टाइमपास’ हा सिनेमा आला आणि काही काळ दगडू हे नाव तरुण पोरांच्या तोंडी चक्क लाडाचं झालं. तेव्हा नावाला लागलेली कडवट चव कुठून तरी बाहेरून येते आणि बाहेरूनच उतरवताही येते.

ती बाहेरून कशी येते, हे ज्याला अगदी जवळून पाहायचं असेल त्याने जर्मनीतल्या केविनची गोष्ट वाचावी.

केविन हे मूळचं आयरिश नाव, आणि त्याच्या अर्थात देखणेपण आणि चांगलं कूळ दोन्ही आहे. ग्लेंडालॉकच्या दरीत मठ स्थापणारे संत केविन सहाव्या शतकातले. जर्मन कानांना या नावाची ओळख घडायला फुटबॉलचीही मदत झाली असणार: इंग्लंडचा केविन कीगन १९७७ ते १९८० हॅम्बुर्गकडून खेळला आणि तिथे असतानाच लागोपाठ दोन वर्षं युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. मग १९९१ च्या जानेवारीत घरात एकट्या राहिलेल्या त्या खोडकर पोराचा अमेरिकी सिनेमा ‘होम अलोन’ जर्मनीत लागला. जर्मन वितरकांनी सिनेमाचं नाव बदलून पोराचं नावच त्यात घातलं: केविन, घरी एकटा. त्याच वर्षी केविन कॉस्टनरही पडद्यावर होता. नाव आधीपासून चढतच होतं. १९९१ मध्ये ते जर्मनीतल्या मुलांच्या नावांत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्या वर्षी आपल्या बाळाचं नाव केविन ठेवणाऱ्या आईबापांनी काही विचित्र केलं नव्हतं. त्यांना जे ताजं आणि गोड वाटलं, ते त्यांनी ठेवलं.

आणि मग हवा फिरली. परदेशी, सिनेमा-टीव्हीतून आलेली नावं कामगार वस्त्यांत आणि पूर्व जर्मनीत विशेष रुजली होती. पूर्वेकडे तर बर्लिनची भिंत पडण्याआधीपासून मँडी, पेगी, रॉनी अशी नावं होती. माइकसारखं नाव ऐकून ऐकून जर्मन स्पेलिंगनेच लिहिलं जाई. शिकलेली, सुखवस्तू घरं याच काळात माक्सिमिलियान, आलेक्झांडर, शार्लोट अशा जुन्या नावांकडे वळली. दहा-पंधरा वर्षांत केविन हे नाव मुलाचं राहिलं नाही, पत्त्याचं झालं. ते ऐकलं की बापाची नोकरी, घराचा मजला आणि मुलाचं प्रगतिपुस्तक ओळखता येतं, असं लोकांना वाटू लागलं.

२००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक आस्ट्रिड कायझर यांच्या मार्गदर्शनाखाली युलिया कुबे या विद्यार्थिनीने प्राथमिक शिक्षकांना विचारलं, की ही नावं ऐकून तुमच्या मनात काय येतं? शार्लोट, सोफी, हाना, लुकास, याकोब ही मुलं शिक्षकांना हुशार आणि गुणी वाटली. शांताल, मँडी, जस्टिन, केविन अभ्यासात कच्ची आणि त्रासदायक वाटली. एका शिक्षकाने तर लिहून दिलं, की केविन हे नाव नव्हे, ते रोगाचं निदान आहे. हे वाक्य जर्मनीभर फिरलं, लोक हसले. मला ते वाचून हसू येत नाही. सहा वर्षांचं एक पोर नव्या दप्तरासह वर्गात शिरतं आणि त्याने एक अक्षर गिरवण्याआधीच त्याचा निकाल कुणाच्या तरी मनात लागलेला असतो. तोही त्याने न निवडलेल्या दोन-तीन अक्षरांवरून.

इथे आवाजाचा बचाव टिकतच नाही. कार्ल आणि कॉन्स्टान्टिन हीसुद्धा क ची नावं, आणि जर्मनीत ती घरंदाज मानली जातात. उच्चाराने केविन त्यांच्याहून मऊच आहे. पण कान शपथेवर सांगतो की केविन हे नावच वाईट आहे. नावडीचं हेच मला सर्वांत अद्भुत वाटतं: ती माणसांकडून उचललेली असते आणि आपल्याला मात्र ती अक्षरांत ऐकू येते. फ्रान्समध्येही याच नावाची जवळपास हीच गत झाली. तिथेही ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिखरावर होतं आणि तिथेही पुढे ते एका वर्गाचं समजलं जाऊ लागलं.

हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅनली लिबरसन यांनी २००० साली नावांच्या फॅशनवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. नावंच का, याचं त्यांचं कारण फार मार्मिक आहे. कपडे, गाड्या, गाणी यांच्यामागे कंपन्या असतात, जाहिराती असतात. बाळाचं नाव विकून कुणालाच पैसे मिळत नाहीत. तेव्हा समाजाची आवड-नावड निखळ रूपात पाहायची तर ती नावांतच दिसते.

आपल्या सातारा जिल्ह्यात ही नावड फार क्रूर रूपात दिसली. मुलगाच हवा असलेल्या घरांत पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव नकुशा ठेवलं जाई. २०११ मध्ये तिथल्या प्रशासनाने समारंभ करून पावणेतीनशेहून अधिक मुलींना त्यांच्या पसंतीची नवी नावं दिली. दगडू, केरू, कचरू या नावांमागे निदान मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये ही तळमळ होती. नकुशात तीही नव्हती. केविनच्या बाबतीत जी नावड नावाआड लपली, ती इथे उघड पुकारली जात होती. दोन्हीकडे आधी माणूस नकोसा झाला.

आणि अशी हाक आयुष्यभर ऐकण्याचा परिणाम कुठवर पोचत असेल? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात योनात त्स्वेबनर आणि सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवून चार-पाच नावांतून खरं नाव ओळखायला सांगितलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निकाल निव्वळ अंदाजापेक्षा स्पष्टपणे वरचे होते. नुसत्या चेहऱ्यावरून! २०२४ च्या पुढच्या अभ्यासात तर त्याहून चकित करणारी गोष्ट निघाली. मोठ्या माणसांचे चेहरे त्यांच्या नावांशी जुळत होते, लहान मुलांचे जुळत नव्हते. संगणकाने मुलांचे चेहरे मोठ्या वयाचे करून पाहिले, तरीही जुळले नाहीत. म्हणजे हे जन्माने आलेलं नाही. नावाकडून लोकांची जी अपेक्षा असते तिच्या साच्यात माणूस वर्षानुवर्षं बसत जातो, केसांच्या वळणापासून चेहऱ्यावरच्या भावापर्यंत, असा अर्थ संशोधकांनी लावला आहे. हे वाचल्यावर शिक्षकांच्या त्या उत्तरांकडे मला पुन्हा पाहावंसं वाटलं. कुणी एखाद्या मुलाकडे रोज ‘हा केविन’ म्हणून पाहत असेल, तर ते पाहणं त्या मुलाच्या अंगावर कुठेतरी उमटत असणार.

पण हवा पुन्हा फिरते आहे. २०१५ मध्ये जर्मन तरुणांच्या वर्षातल्या शब्दासाठीच्या यादीत ‘अल्फा-केविन’, म्हणजे सर्वांत मठ्ठ माणूस, हा शब्द आला होता. निषेध झाला आणि प्रकाशकांनी तो यादीतून काढून टाकला. १९८९ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये जन्मलेला केविन क्युनेर्ट २०२१ साली संसदेत निवडून गेला आणि त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा सरचिटणीस झाला. १९९१ च्या लाटेतले केविन आज पस्तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातले काही स्वतःच वर्गावर उभे राहतात, आणि त्यांच्या हजेरीपटावर आता एमा, एमिल, आंतोन, फ्रीडा आहेत. पन्नास वर्षांपूर्वी हीच नावं ‘आजीआजोबांची’ म्हणून कुणालाही नको होती.