पाठीवर पडशी, दोघांच्या दोन



तुकोबांची पालखी यवतहून आपल्या वरवंडला मुक्कामाला येते, तेव्हा आपल्या ओसरीवर किती नवरा-बायको येऊन टेकतात! त्याच्या पाठीवर एक पडशी, तिच्या पाठीवर एक. तेवढ्यावर पंढरपूर गाठतात. आपण त्यांना पिठलं-भाकरी वाढतो, पाय शेकायला गरम पाणी देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठ्यात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मी आणि मालक असे दोघंच कधी कुठं गेलो नव्हतो. माहेर, लग्नं, दहावे आणि दवाखाना एवढाच माझा प्रवास.

मागच्या दिवाळीत माझी भाची आणि जावई कोस्टारिकाचे फोटो घेऊन आले. अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरचा हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा. एका अंगाला एक समुद्र, दुसऱ्या अंगाला दुसरा, मधे डोंगर, जंगल आणि पाऊस. १९४८ साली त्यांनी सैन्यच बंद करून टाकलं. (आपली पहिली एसटीही त्याच साली १ जूनला पुण्याहून नगरला गेली, म्हणजे आपल्या शिरूरवरूनच.) ही दोघं तिथं साध्या बसनं फिरली. खाणं घरगुती खानावळीत, सकाळी भात आणि काळा घेवडा एकत्र परतलेला. त्याला तिकडं ‘ठिपक्यांचा कोंबडा’ म्हणतात, पण कोंबडा त्यात नसतोच! ओस्तिओनाल नावाच्या किनाऱ्यावर रात्री हजारो कासविणी अंडी घालायला येतात, तेही त्यांनी पाहिलं.

मालक म्हणाले, “आपल्याला कोण नेतंय तिकडं?” भाची हसली. “मामा, हीच जात आपल्या वेळासला येते. ऑलिव्ह रिडले. एसटीनं जा.”

वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. ऊस कारखान्याला गेल्यावर मार्चमध्ये निघायचं ठरलं.

आता तयारीचं सांगते, कारण खरी मेख तिथंच आहे. मी पिशवी भरली आणि डेअरीच्या काट्यावर ठेवली, तर अकरा किलो! मालकांची चार, कारण त्यांचे कपडे, टॉवेल, औषधं सगळं माझ्याच पिशवीत. भाचीनं आधीच बजावलं होतं, ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. मी त्यांचं सगळं काढून त्यांच्यापुढं ठेवलं. थोडी कुरकुर झाली. मग माझ्याही दोन जड साड्या, स्टीलचा मोठा डबा आणि ‘लागलं तर’ म्हणून घेतलेली चादर बाहेर आली. शेवटी माझी सहा किलो, त्यांची सात. बायांनो, घरी भरून बघा, आपण इतरांचं किती वाहतो ते काट्यावर दिसतं.

उरलं ते असं. अंगावरचे धरून तीन जोड, त्यातले दोन पंजाबी ड्रेस, कारण ते रात्री धुतले की सकाळी वाळतात. दुधात कणीक मळून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पाण्याची बाटली, पाळीचं सामान, बॅटरी, जुलाबावरची साखर-मिठाची पुडी. पैसे तीन ठिकाणी ठेवले. आधार कार्ड मात्र वरच्या कप्प्यात, कंडक्टर मागतो तेव्हा खोदकाम नको.

तिकिटाचं म्हणाल, तर मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत निम्मं भाडं आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांनाही निम्मं, पंचाहत्तरीच्या पुढं फुकट. चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो. पण तो रोज लांब पल्ला मारणाऱ्याला परवडतो. आमचा प्रवास तुकड्या-तुकड्यांचा, त्यामुळे माझ्या निम्म्या तिकिटांची बेरीज पासापेक्षा कमीच भरली. तुम्ही आगारात आजचा दर विचारा आणि वहीवर मांडून बघा.

स्वारगेटहून हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी, तिथून रिक्षानं बाणकोटवरून वेळास. बोटीत गाड्या चढतात, माणसं चढतात, एक शेळीसुद्धा चढली. मालकांनी कठडा घट्ट धरला होता, मी नाही.

वेळासमध्ये पाहुणे लोकांच्या घरीच उतरतात. आमची घरमालकीण माझ्याच वयाची. सोलकढी, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं तिनं वाढलं. ताट भरलेलं, आणि मी बसलेली! मला उठून काही करावंसं वाटत होतं, तिनं उठू दिलं नाही. तिचा हिशेब मी विचारून घेतला. किती माणसांना किती तांदूळ, खोलीचे किती, जेवणाचे किती, सगळं तिच्या तोंडपाठ. आपण पालखीला जेवू घालतो ती सेवा, तिचे पैसे घ्यायचे नाहीत. पण वर्षभर हमरस्त्यानं आपल्या दारावरून माणसं जातात, त्याचा विचार गटानं करायला हरकत नाही.

कासवीण रात्री वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. मागं वळून बघत नाही. पूर्वी अंडी कोल्हे-कुत्रे खात, माणसंही नेत. आता राखणदार ती उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात आणि वर टोपली झाकतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघतात. संध्याकाळी काहीच नव्हतं. सकाळी सतरा निघाली. तळहातावर मावतील एवढी, आणि पाण्याकडंच तोंड! मालक बराच वेळ गप्प होते.

पुढं दापोली, दाभोळ, पुन्हा फेरीबोटीनं धोपावे, मग गुहागर आणि चिपळूणवरून घरी. एका स्टँडवर शेवटची गाडी चुकली. चूक आमचीच, वेळ एकालाच विचारली. कोकणात दोघांना विचारावी, आणि सकाळच्या गाडीनं निघावं.

पाच दिवस आमच्या तीन गाईंच्या धारा गटातल्या शेजारणीनं काढल्या. ती आणि तिचे मालक येत्या फेब्रुवारीत निघताहेत, तेव्हा तिच्या दोन म्हशी माझ्याकडं. काल तिची पिशवी डेअरीच्या काट्यावर नऊ किलो भरली. अजून तीन किलो काढायचं आहे, आणि तिला चादर सोडवत नाही.