वकिलाची सनद आणि राज्याची हद्द

अमेरिकेत ज्यांची मुलेबाळे स्थायिक झाली आहेत, अशा आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या तोंडून एक विधान वारंवार ऐकू येते, की तेथे माणूस एकदा वकील झाला म्हणजे तो देशभर वकील. आणि ते दर वेळी निःशंकपणे उच्चारले जाते, याचाच अधिक खेद वाटतो. या समजाचे मूळ आपल्या व्यवस्थेत आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३० हे १५ जून २०११ पासून अंमलात आले असल्याने महाराष्ट्र व गोव्याची सनद असलेला वकील बेळगावच्या न्यायालयातही उभा राहू शकतो. किंबहुना एकाच वेळी दोन राज्यांच्या पटावर नाव ठेवण्यास तो कायदाच मनाई करतो.

अमेरिकेत नेमके उलट आहे. सनद देणे हा तेथे प्रत्येक राज्याचा स्वतंत्र अधिकार असल्यामुळे, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांच्यामधील हडसन नदी असंख्य माणसे नोकरीसाठी रोज ओलांडत असली, तरी मॅनहॅटनमधील निष्णात वकिलालाही जर्सी सिटीच्या राज्य न्यायालयात, विशिष्ट खटल्यापुरती परवानगी काढल्यावाचून, युक्तिवाद करता येत नाही. हा निव्वळ उपचार आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा बर्ब्राउअर निवाडा अवश्य पाहावा : तेथील सनद नसताना त्या राज्यात येऊन पक्षकाराचे काम चालवणाऱ्या न्यूयॉर्कच्या वकिलांना, तेथे केलेल्या कामाची फी मागता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या निर्बंधामागे सबळ कारण आहे, ते असे की कायदाच राज्यागणिक बदलतो. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे जखमी झालेल्या इसमास भरपाईचा दावा लावण्याची सर्वसाधारण मुदत न्यूयॉर्कमध्ये ३ वर्षे, तर न्यू जर्सीत २ वर्षे आहे. तेव्हा न्यू जर्सीतील अपघाताचे कागद न्यूयॉर्कच्या मुदतीच्या भरवशावर दप्तरात ठेवणारा वकील पक्षकाराचा हक्कच बुडवतो. मिळकतीचेही तसेच : न्यू जर्सीने मृताच्या संपदेवरील कर २०१८ पासून रद्द केला, पण भावंडांसारख्या वारसांवरील वारसाकर कायम ठेवला, न्यूयॉर्कमध्ये संपदाकर आहे, वारसाकर नाही. दोन्ही राज्यांची सनद घेणारा वकील ही सारी तफावत सांभाळण्याची जबाबदारी पत्करतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

दुसऱ्या सनदेसाठी पुन्हा पदवी घ्यावी लागते? नाही, दोन्ही राज्यांनी समाईक परीक्षा स्वीकारली असून ४०० पैकी २६६ गुण दोहोंकडे चालतात, मात्र चारित्र्याची चौकशी प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते.

त्याच राज्याचे रहिवासी असावे लागते? नाही, न्यू हॅम्पशायरच्या सीमेपासून सुमारे ४०० यार्डांवर, व्हरमाँटमध्ये राहणाऱ्या कॅथरीन पायपर यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये रहिवासाची अट घटनाबाह्य ठरवली.

एकीकडे सनद गेली तरी दुसरीकडे वकिली निर्वेध चालते? नाही, एका राज्यातील शिस्तभंगाच्या निर्णयावरून दुसरे राज्यही कारवाई करते.

इमिग्रेशनचा वकील आपल्याच राज्याचा हवा? नाही, तो कायदा संघराज्याचा असल्याने कोणत्याही राज्याची वैध सनद पुरते.

दोन्ही राज्यांतील वकिलांची नोंद कोणासही विनामूल्य पाहता येते. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणारा वकील भेटला की धीर येतो हे खरे, पण मुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी त्याची सनद कोणत्या राज्याची आहे हे विचारणे, यात अविश्वास नसून स्वहित आहे.