कोरपना परिसराचा युद्धकालीन इतिहास आणि प्राथमिक शाळेतील विद्यार्थी : स्थानिक इतिहास-संशोधनाची एक दिशा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत 'परिसर अभ्यास' हा विषय सर्वपरिचित आहे. शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडले जावे, हे तत्त्व राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये अग्रक्रमाने मांडले गेले. या दृष्टीने आपल्या गावाने युद्धाचा काळ कसा अनुभवला, याचा शोध विद्यार्थ्यांनी स्वतः घेणे हा उपयुक्त उपक्रम होय. सातारा जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे या गावी पहिल्या महायुद्धात प्राणार्पण केलेल्या ४६ सैनिकांचे स्मारक आहे. तेथील विद्यार्थ्याच्या शोधाचा आरंभ त्या शिलालेखापासून होऊ शकतो. कोरपना तालुक्यातील विद्यार्थ्यास मात्र आरंभ बोलण्यातून, म्हणजे घरातील वृद्धांच्या आठवणींतून करावा लागतो. तो कसा करावा व त्यात कोणती दक्षता घ्यावी, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आपले गाव कोणत्या राज्यात होते?

संशोधनाचा पहिला प्रश्न हाच असावा. आज कोरपना, राजुरा व जिवती या तालुक्यांत असलेला प्रदेश त्याकाळी राजुरा तालुका म्हणून हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. पैनगंगा व वर्धा या नद्यांच्या पलीकडे इंग्रजी अंमल होता, तर अलीकडे निजामाचा.

ही बाब ध्यानात न घेतल्यास पाठ्यपुस्तकातील इतिहास आणि आजोबांची आठवण यांचा मेळ बसत नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव झाला. चिमूर आज कोरपन्याच्याच जिल्ह्यात असले, तरी तेव्हा ते वेगळ्या राज्यात होते. तसेच १५ ऑगस्ट १९४७ रोजी नदीपलीकडे तिरंगा फडकला, तेव्हा कोरपना परिसर स्वतंत्र झालेला नव्हता. भारतीय सैन्याची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणून येथील युद्धकाळ १९३९ ते १९४५ एवढाच नसून तो १९४८ पर्यंत लांबतो. विद्यार्थ्याने वहीत दोन स्तंभ करावेत : एकात 'जगात व देशात', दुसऱ्यात 'आमच्या गावात'. दोन्ही स्तंभांतील तारखा जेथे जुळत नाहीत, तेथेच खरा इतिहास दडलेला असतो.

महायुद्ध गावापर्यंत कसे पोहोचले?

निजामाने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना मोठे साहाय्य केले. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या एका ब्रिटिश विमान-तुकडीस हैदराबादचे नाव होते. परंतु संस्थानातील शेतकऱ्यास युद्ध जाणवले ते विमानांमुळे नव्हे, तर धान्याच्या सक्तीच्या लेव्हीमुळे आणि टंचाईमुळे. 'युद्ध पाहिले का?' असा प्रश्न विचारल्यास 'नाही' असेच उत्तर येईल. 'त्यावेळी घरी काय शिजत असे? ज्वारी कोण घेऊन जाई? कापड कोठून आणत?' असे प्रश्न विचारल्यास आठवणी जाग्या होतात. मुलांचे प्रश्न असे ठोस असावेत.

आदिवासी समाजाच्या दृष्टीने १९४० हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाट येथे, जंगलातील जमिनीच्या हक्कासाठी लढणारे गोंड नेते कुमराम भीम त्या वर्षी मारले गेले. आज कोरपन्यालगतच्या तेलंगणातील एका जिल्ह्यास त्यांचे नाव आहे. पुढे संस्थानाने गोंडांच्या प्रश्नांच्या अभ्यासाचे कार्य ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. जर्मन पारपत्रामुळे ते युद्धकाळात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते व म्हणूनच हैदराबाद संस्थानात राहिले होते. त्यांच्या प्रयत्नाने १९४३ साली मारलावाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. महायुद्धाच्या धामधुमीत गोंड मुलांसाठी त्यांच्या भाषेतील शाळा उघडल्या, ही घटना आजच्या गोंड विद्यार्थ्यास स्वतःची वाटल्याशिवाय राहणार नाही.

शोधाची पद्धती :

१) कालनिश्चिती : वृद्धांना जन्मसाल आठवतेच असे नाही. 'रझाकारांच्या वेळी मी गुरे राखत होतो' अशा प्रकारच्या उत्तरावरून वय अजमावता येते. जुन्या कागदावर फसली सन असल्यास त्यात ५९० मिळवावेत, म्हणजे इसवी सन स्थूलमानाने कळते. उदा. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

२) वस्तू : घरात हाली शिक्का असल्यास त्याचे चित्र काढावे. साधारणपणे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये असा हिशेब असे. नदी ओलांडून बाजारास जाणाऱ्याचा व्यवहार कसा होत असेल, हे गणिताच्या तासाला सोडविता येईल.

३) कागदपत्रे : संस्थानाचा कारभार उर्दूतून चालत असल्याने जुने कागद गावातील उर्दू जाणणाऱ्या वृद्धाकडून वाचून घ्यावेत. त्यानिमित्ताने तोही संशोधनाचा भागीदार होतो.

४) भाषा : आजी गोंडी किंवा कोलामी बोलत असल्यास तिचे शब्द त्याच भाषेत देवनागरीत लिहावेत व खाली मराठी अर्थ द्यावा. येथे विद्यार्थी हाच दुभाषी असतो आणि शिक्षक त्याच्याकडून शिकतो. परधानांच्या गायनपरंपरेत जुनी स्मृती जतन झालेली असते, तिचीही नोंद घ्यावी.

५) पडताळणी : एकच घटना किमान तीन घरांतून ऐकावी. कथन निराळे निघाल्यास कोणालाही खोटे न ठरवता तिन्ही लिहावीत.

मौनाचा आदर :

१९४८ च्या आठवणी सर्वांसाठी सारख्या नाहीत. रझाकारांच्या अत्याचारांची स्मृती अनेक कुटुंबांत आहे. त्याचबरोबर सैनिकी कारवाईनंतर निरपराध मुस्लिमांवरही हिंसाचार झाला. भारत सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानातील मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना पोहोचल्याचे तिने नमूद केले. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

नऊ-दहा वर्षांच्या मुलास हा सर्व तपशील सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरी त्याच सप्टेंबरच्या दोन वेगळ्या आठवणी असू शकतात, हे शिक्षकास ठाऊक असलेच पाहिजे. 'तुमच्या लोकांनी काय केले?' असा प्रश्न वर्गात उमटता कामा नये. 'त्या दिवशी तुमच्या घरचे कोठे होते? कोणी कोणाला आश्रय दिला?' असे प्रश्न विचारावेत. आजी बोलता बोलता थांबली, तर वही मिटावी व 'येथे आजी थांबली' एवढेच नंतर लिहावे. ती नोंदही इतिहासच आहे. नाव लिहिण्यापूर्वी घरच्यांची संमती घेणे अनिवार्य समजावे.

समारोप :

इंग्लंडमध्ये २००३ ते २००६ या काळात बीबीसीने सामान्य नागरिकांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारे ४७,००० आठवणी संकलित केल्या. कोरपन्यासारख्या तालुक्यात हेच कार्य दोनरेघी वहीतून होऊ शकते. मात्र त्यासाठी वेळ फार थोडा उरला आहे. १९४८ साली दहा वर्षांची असलेली व्यक्ती २०२५ साली ८७ वर्षांची झाली. जिने नदीच्या दोन काठांवरील दोन राज्ये पाहिली, लेव्हीची ज्वारी पाहिली व सप्टेंबरमधील ते दिवस पाहिले, ती पिढी आता वेगाने निघून जात आहे. ग्रंथालयातील पुस्तक पुढील वर्षीही वाचता येईल. ओसरीवर बसलेल्या आजीस मात्र याच वर्षी विचारावे लागेल, आणि तिची भाषा जाणणारे मूलच ते उत्तम प्रकारे विचारू शकेल.