उंबरठ्याआड अडकलेले ज्येष्ठ

गुडघेदुखी, पक्षाघात किंवा पडण्याची भीती यांमुळे अनेक ज्येष्ठांचे घराबाहेर पडणे बंद होते. रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येत नाही, तेव्हा त्याची आठवणही कोणाला राहत नाही. इकडे रक्तदाबाच्या गोळ्या संपतात, हालचाल थांबल्याने स्नायू झिजतात, अंथरुणाला खिळलेल्यांना माकडहाडाजवळ जखमा होतात. बोलायला कोणी नसले की भूक आणि झोपही उडते.

अशा वेळी आधी भागातल्या आशा स्वयंसेविकेला नाव, पत्ता आणि अडचण कळवावी. वयोवृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात घरी खिळलेल्या रुग्णांना गृहभेटी देण्याची तरतूद आहे. १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत माहिती, कायदेविषयक सल्ला आणि मानसिक आधार मिळतो. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो. ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी असलेले आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या औषधांचा खर्च त्यातून भागत नाही.

‘कशाला कुणाला त्रास’ म्हणून ज्येष्ठ स्वतः सहसा फोन करत नाहीत. तो शेजाऱ्यांनी करावा. मात्र त्यांना विचारून.