भरल्या पोटी घेतलेली दारू आणि यकृत

‘सोबत नीट खाल्लं की दारू लिव्हरला बाधत नाही’ हा समज महाराष्ट्रात इतका रुजला आहे, की घरची माणसेही पिणाऱ्यापुढे काळजीने मटणाचे ताट ठेवतात. त्यात खरे आहे ते एवढेच: पोटात अन्न असले की दारू लहान आतड्यात सावकाश उतरते, रक्तातली तिची पातळी एकदम चढत नाही आणि नशा कमी जाणवते. नशा कमी म्हणजे नुकसान कमी, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही.

व्हिस्कीच्या 60 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असते. पोट भरलेले असो वा रिकामे, त्याचा बहुतांश भाग यकृतालाच निस्तरावा लागतो. त्यातून आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. शिवाय अल्कोहोल जाळण्यात गुंतलेले यकृत चरबी जाळणे मागे टाकते आणि ती पेशींत साठू लागते. नेमक्या त्याच वेळी तळलेले शेंगदाणे, चकली, तेलाचा तवंग असलेला रस्सा पोटात जातो. संरक्षण म्हणून खाल्लेला चकणा अशा वेळी चरबीत भरच घालतो.

एके काळी शास्त्रज्ञही दारूऐवजी निकृष्ट आहारालाच दोष देत. इन्शुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांनी 1949 मध्ये उंदरांवरील प्रयोगांवरून तसे मत मांडले होते. 1968 मध्ये चार्ल्स लीबर आणि इमॅन्युएल रुबिन यांनी स्वयंसेवकांना भरपूर प्रथिने आणि कमी चरबी असलेला आहार देऊन दारू दिली. तरीही त्यांच्या यकृतात चरबी साठली. पुढे 1975 मध्ये सकस आहारावरच्या बबून माकडांना दारूमुळे सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार, झाल्याचेही दिसले. इतक्या जुन्या काळी खोडला गेलेला समज आजही प्रेमाचा सल्ला म्हणून दिला जातो, याची चीड यावी.

आहाराचा संबंध आहे, पण उलट दिशेने: खाऊन वाढलेल्या वजनामुळे. स्कॉटलंडमधील पुरुषांचा अभ्यास 2010 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आठवड्याला साधारण सहा पेग किंवा त्याहून अधिक पिणाऱ्यांत यकृतविकाराचा धोका, न पिणाऱ्या सडपातळ पुरुषांच्या तुलनेत, सडपातळांमध्ये सुमारे तिप्पट होता, तर लठ्ठांमध्ये जवळपास एकोणीस पट. सुटलेले पोट आणि दारू एकमेकांचे नुकसान वाढवतात.

बिअर हलकी असते, हेही खरे नाही: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत व्हिस्कीच्या दोन पेगांइतके अल्कोहोल असते. रक्तचाचणीत एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम नॉर्मल आले म्हणून यकृत निरोगी ठरत नाही. सिरॉसिसमध्येही ते नॉर्मल येऊ शकते. ‘लिव्हर साफ’ करायला गुळवेलीचा काढाही नको. तो घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहे. सिरॉसिस झालेल्याची डाळ आणि अंडी बंद करणे तर घातकच. स्नायू झिजत असताना त्याला प्रथिने जास्त लागतात.

दारू पूर्ण थांबवली, तर यकृतात साठलेली चरबी बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरते. पिणे चालू ठेवून कोणत्याही आहाराने हे साधत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबावे. एकाएकी सोडल्यास फिट येऊन जिवावर बेतू शकते.